गिनी गुणांक: एका आकड्यावरून दीर्घिकेचा आकार कळतो का?

दीर्घिका म्हणजेच गॅलेक्सी. ढोबळमानाने त्या सर्पिल, लंबवर्तुळाकार किंवा अनियमित असतात. फोटो बघून प्रकार सांगता येतो, पण फोटो लाखोंनी असतील तर? २००७ मध्ये सुरू झालेल्या 'गॅलेक्सी झू'मध्ये लाखाहून जास्त हौशी लोकांनी सुमारे ९ लाख दीर्घिका तपासल्या. दरवेळी एवढी माणसं कुठून आणणार? म्हणून कॉम्प्युटरला मोजता येईल असं माप लागतं. त्यातलंच एक मी आज सांगतो.

गिनी म्हणजे काय?

हे माप मुळात उत्पन्नातली विषमता मोजायचं. इटलीच्या कोर्राडो गिनी यांनी ते १९१२ मध्ये मांडलं. २००३ मध्ये रॉबर्टो अब्राहम आणि सहकाऱ्यांनी ते दीर्घिकांना लावलं. माणसांच्या जागी पिक्सेल, पैशांच्या जागी प्रकाश. सगळ्या पिक्सेलमध्ये सारखा प्रकाश असेल तर गिनी ०, सगळा एकाच पिक्सेलमध्ये असेल तर १. लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा प्रकाश मध्यभागी दाटलेला असतो, म्हणून तिचा गिनी सहसा जास्त येतो.

मग गडबड कुठे होते?

१. सीमा: दीर्घिकेभोवतीचं काळं आकाश मोजणीत आलं की 'गरीब' पिक्सेल वाढतात आणि गिनी फुगतो. दीर्घिका तीच, आकडा वेगळा! थॉर्स्टन लिस्कर यांनी २००८ मध्ये हीच अडचण दाखवून दिली.

२. नॉइज: रात्री मोबाइलवर काढलेल्या फोटोत दाणे दिसतात ना, तसंच. फिकट दीर्घिकेच्या कडा त्यात बुडून जातात.

३. रिझोल्यूशन: लांबची दीर्घिका मोजक्याच पिक्सेलमध्ये मावते, त्यामुळे तिचे सर्पिल हात पुसट होतात.

याने काय बिघडतं?

दोन दीर्घिकांची टक्कर ओळखायलाही गिनी वापरतात. सोबत 'एम२०' असतं, म्हणजे सर्वात उजळ २० टक्के प्रकाश किती विखुरलाय याचं माप. आकडे चुकले तर टक्कर झालेली दीर्घिका शांत ठरते, आणि विश्वात पूर्वी किती टकरी झाल्या हा हिशेबच कोलमडतो.

विश्वास कधी ठेवायचा?

जवळच्या दीर्घिकेचा स्पष्ट फोटो घ्यायचा, मुद्दाम फिकट आणि धूसर करायचा, आणि पुन्हा मोजायचं. आकडा फारसा हलला नाही तर तेवढ्या दर्जाच्या फोटोंपुरतं माप भरवशाचं. जेनिफर लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशीच तपासणी केली होती.

म्हणून गिनीचा आकडा दिसला की मी आधी विचारतो: फोटो किती स्पष्ट होता आणि सीमा कुठे आखली? ही उत्तरं नसतील, तर त्या आकड्यावरून दोन दीर्घिकांची तुलना करू नका.