मोडलेली मांडी आणि बुडालेली रोजी

आम्ही काही वैद्य नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण हमालांच्या संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा हाडांच्या इतिहासावर आम्ही बोलावे, हे कोणास धाडस वाटल्यास नवल नाही. पण या विषयाकडे आम्ही पुस्तकातून वळलो नाही, एका हातगाडीमुळे वळलो.

१९९२ साली पेठेत माल उतरवताना आमच्या टोळीतले एक वडीलधारे हमाल शंभर किलोच्या पोत्यासह फळीवरून खाली आले. मांडी मोडली. आम्ही चौघांनी त्यांना उचलून हातगाडीवर टाकले आणि खडबडीत रस्त्याने दवाखाना गाठला. पाय कशाला बांधलाच नव्हता. दर खड्ड्यागणिक ते ओरडत होते आणि आम्ही त्यांना धीर देत होतो! आपण काय करीत होतो, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी समजले.

मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब हाड. त्याच्या पुढे, मागे आणि आतल्या अंगाला मोठमोठे स्नायू आहेत. पोते पाठीवर घेऊन उभे राहायचे ते त्यांच्याच बळावर. परंतु मधला दांडा मोडला की हेच बळ उलटते. स्नायू आखडतात, हाडाचे तुकडे एकमेकांवर चढतात, पाय आखूड होतो. मोडलेली टोके मांसात रुततात आणि आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही. पाय मुरगळला तर हाडाला हाड बांधणारे बंध ताणले वा फाटलेले असतात, खांदा उतरला तर हाड सांध्यातून निसटलेले असते. तीही दुखणी लहान नव्हेत. पण मोडलेली मांडी माणसाला त्याच दिवशी मारू शकते.

या स्नायूंच्या ओढीला ज्याने उत्तर शोधले तो ह्यू ओवेन थॉमस हा हाडवैदांच्या घराण्यातला. घराणे वेल्समधल्या अँगल्सी बेटावरचे. बाप लिव्हरपूल बंदरात हाडे बसवीत असे. त्याच्याजवळ पदवी नव्हती, म्हणून डॉक्टरमंडळी त्याला पुनःपुन्हा कोर्टात खेचीत. अखेर त्याने आपल्या पाचही मुलांना डॉक्टर केले! कोर्टाला दिलेले याहून चोख उत्तर आमच्या तरी वाचनात नाही. १८३४ साली जन्मलेला ह्यू हा त्यांतला एक. गोदीकामगार, खलाशी, जहाजबांधणीतले मजूर हे त्याचे रोगी. रविवारी तो गरिबांना फुकट तपासी. पाय बांधण्याची साधने तयार करण्यासाठी त्याने घरीच लोहार आणि खोगीर शिवणारा कारागीर ठेवला होता.

त्याची प्रसिद्ध चौकट याच लोहारकामातून आली. जांघेशी बसणारे कातडी गुंडाळलेले कडे, त्यापासून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली गेलेल्या दोन लोखंडी सळया, आणि टोकाशी ताणून बांधलेला पाय. बस्स, इतकेच. स्नायू वर ओढतात, चौकट खाली ओढून धरते. १८७५ साली त्याने आपल्या पुस्तकात ही चौकट जगापुढे मांडली; तेव्हा ती मुख्यतः दुखऱ्या गुडघ्यासाठी होती. त्याचा दुसरा आग्रह विश्रांतीचा होता: सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती. आज यात त्याची अतिशयोक्ती झाली असे म्हणावे लागते. फार दिवस निजवून ठेवल्यास स्नायू झडतात, आणि १९४० च्या सुमारास जर्मनीत क्युंट्शर याने हाडाच्या पोकळीत सळी घालण्याची रीत आणल्यापासून रोग्याला लवकर चालवता येते. तथापि हाड जुळायला महिने लागायचे ते आजही लागतात.

थॉमसने आपल्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याला घरी ठेवून तयार केले. १८८७ साली मँचेस्टरपर्यंत जहाजे नेणारा छत्तीस मैलांचा कालवा खणण्यास आरंभ झाला. ऐन भरात सोळा हजारांवर मजूर त्यावर होते. दरडी कोसळत, वाफेच्या याऱ्या उलटत, मालगाड्यांखाली पाय सापडत. १८८८ साली जोन्सकडे या मजुरांच्या उपचारांची व्यवस्था आली. कालव्याच्या कडेने तीन इस्पितळे, त्यांच्यामध्ये प्रथमोपचाराची ठाणी, मोडलेले हाड कसे हाताळावे हे शिकलेली माणसे, आणि जखमीला नेण्यास बांधकामाचीच आगगाडी. आम्हा संघटनेच्या माणसांना हा भाग चौकटीहूनही मोठा वाटतो. नवे औषध काही नव्हते. माणसे आणि साधने जागेवर होती, एवढेच.

१८९१ साली थॉमस वारला, तेव्हा गोदीतले मजूर लोटले. मोठ्या इस्पितळांनी मात्र त्याची चौकट अडगळीतच ठेवली. तिची आठवण व्हायला पहिले महायुद्ध यावे लागले. जोन्सने ती तेथे नेली. जखमी वाहणाऱ्या शिपायांना डोळे बांधून ती चढवण्याची कवायत दिली गेली. १९१७ साली अरासच्या लढाईत मांडी मोडलेल्या १००९ जखमींपैकी १५.६ टक्के मेले. आकडा लहान नाही. पण त्याआधी बहुतेक मरत, असे तेव्हाचे शल्यविशारद सांगत.

आता विश्रांतीकडे वळू. कालव्याचा मजूर इस्पितळात हाड जुळण्याची वाट पाही, तेव्हा घरी काय शिजत होते? इंग्लंडचा नुकसानभरपाईचा कायदा १८९७ चा, म्हणजे कालवा वाहू लागल्यानंतर तीन वर्षांनी आलेला. त्यातही पहिले दोन आठवडे बिनपैशाचे, नंतर अर्धी मजुरी, आणि तीही आठवड्याला एका पौंडाच्या आत. आपल्याकडे असा कायदा १९२३ साली झाला.

पण त्या कायद्याला मालक लागतो, आणि हमालाचा मालक कोण? ज्याच्या दुकानात पोते जाते तो म्हणतो, हा माझा नोकर नव्हे. ट्रकवालाही तेच म्हणतो. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला तो याच अडचणीसाठी. आमच्या पेठेत मात्र १९९२ साली त्याचा वारा पोचला नव्हता. भरपाईची एक दमडीही मिळाली नाही.

महिन्याने आम्ही त्यांच्या घरी गेलो. मांडीला प्लास्टर होते. आम्ही म्हटले, "काका, तीन महिने तरी उठू नका." ते म्हणाले, "हाड जुळंल रे पोरा, पण तवर चूल कोन पेटवील?" सातव्या आठवड्यात त्यांनी प्लास्टर पाण्याने भिजवून स्वतःच काढले आणि पेठेत आले. कच्चे हाड वाकले, पाय दोन बोटे आखूड झाला. पुढे अकरा वर्षे ते त्याच पायाने पोती वाहत होते.