किती वेळाने नाही, किती कणांनंतर?

केसाहून बारीक नळीतून कण मिसळलेलं द्रव सोडलं, की ती कधी ना कधी तुंबते. कण नळीच्या रुंदीपेक्षा कितीतरी लहान असले तरी! असं का होतं, हे शोधण्याचा इतिहास संशोधनाकडे वळणाऱ्यांनी जरूर पाहावा.

सुरुवात गाळणीपासून करू. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना आँरी दार्सी यांनी वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम मांडला. त्यात तुंबणं येत नव्हतं. १९३०च्या दशकात हरमान्स आणि ब्रेडे यांनी त्याचं गणित मांडलं. १९८२ मध्ये हर्मिया यांनी चार प्रकार एका सूत्रात बसवले: एका कणाने छिद्र बुजणं, कणावर कण बसणं, छिद्र आतून अरुंद होणं आणि वर थर साचणं.

पण गंमत अशी, की आत काय चाललंय ते दिसायचं नाही. प्रवाह कसा घटतो, त्यावरून अंदाज बांधायचा.

१९९८ मध्ये हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या पारदर्शक, रबरासारख्या पदार्थात झटपट नळ्या बनवण्याची पद्धत दाखवली. आता एकेक नळी सूक्ष्मदर्शकाखाली तुंबताना बघता येऊ लागली. २००६ मध्ये हान्स व्हीस, डेव्हिड वाइट्झ आणि सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरिनचे कण वापरून नेमकं हेच केलं. त्यांनी घड्याळाऐवजी कण मोजले! तुंबण्याआधी सरासरी किती कण पार होतात, हे प्रवाहाच्या वेगावर किंवा कणांच्या प्रमाणावर अवलंबून नव्हतं. ते ठरत होतं छिद्र आणि कण यांच्या आकारांच्या गुणोत्तरावर. म्हणजे कण घोळक्याने अडकत नव्हते; एकेक येऊन भिंतीला चिकटत होता.

याचा व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या. मिश्रण निम्मं पातळ केलं तर नळी दुप्पट वेळ चालेल, पण पार होणारे कण साधारण तेवढेच. जास्त कण पार करायचे असतील, तर रुंदी वाढवा किंवा कण लहान घ्या.

अर्थात हे विरळ मिश्रणापुरतं. दाट मिश्रणात कण एकमेकांना टेकून कमान करतात आणि तिथे प्रमाण महत्त्वाचं ठरतं. २०१७ मध्ये द्रेसेर आणि सोरे यांच्या आढावा लेखात म्हणूनच तीन कारणं वेगळी केली आहेत: मोठा कण अडकणं, कमान होणं आणि हळूहळू साचणं.

तेव्हा आलेख काढण्याआधी स्वतःला विचारा: आडव्या अक्षावर वेळ घ्यायचा की कणांची संख्या? इथे उत्तर त्या निवडीतच दडलं होतं.