लखनौचे हौशी यंत्रकार

लखनौ म्हटले की नबाबी नजाकत, मुशायरे आणि इमामबाडे यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. यंत्रविद्येच्या इतिहासात या शहराचे नाव सहसा कोणी घेत नाही. तथापि हिंदुस्थानात आगगाडी धावू लागण्याच्या कितीतरी आधी गोमतीच्या काठी एका मनुष्याने यंत्रे आणि हत्यारे स्वतः घडविण्याचा उद्योग मोठ्या हौसेने चालविला होता. आज घरातल्या एखाद्या खोलीत लाकूड कोरणारे आणि प्लॅस्टिकच्या वस्तू घडविणारे संगणकचलित यंत्र स्वतः जोडणारी तरुण मंडळी एका अर्थाने त्याचीच वारस होत. परंतु हा वारसा त्यांना त्याच्याकडून मिळालेला नाही, आणि तो का मिळाला नाही हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

त्या मनुष्याचे नाव क्लॉड मार्टिन. फ्रान्समधील लियाँ शहरी १७३५ साली त्याचा जन्म झाला. शिपाईगिरी करण्यासाठी तो पाँडिचेरीस आला. फ्रेंचांचा पक्ष दुबळा होताच इंग्रजांच्या चाकरीत शिरला, जमीनमोजणीचे काम शिकला आणि १७७६ साली अयोध्येचा नबाब असफउद्दौला याच्या शस्त्रागाराचा अधिकारी होऊन लखनौस राहू लागला. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ साली फ्रान्समध्ये गरम हवेचा फुगा उडविला. त्यानंतर दोनच वर्षांनी मार्टिनने तसलेच फुगे लखनौच्या आकाशात सोडून नबाबाला चकित केले. १७८६ मध्ये त्याने ओतलेली ‘लॉर्ड कॉर्नवॉलिस’ ही तोफ पुढे १७९२ सालच्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात वापरली गेली. त्याच मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही इंग्रजांच्या बरोबरीने टिपूविरुद्ध लढत होत्या. ही तोफ आज लखनौच्या ला मार्टिनिएर विद्यालयासमोर उभी आहे.

या यंत्रकाराची खरी ओळख मात्र तोफेपेक्षा एका इवल्याशा हत्यारातून पटते. मूत्राशयातील खड्याने तो हैराण झाला होता. १७८२ साली त्याने पोलादी विणकामाच्या सुईच्या टोकाला कानशीसारखे दाते पाडले, ती सुई देवमाशाच्या हाडाच्या मुठीत बसविली, आणि हे हत्यार मूत्रमार्गाने आत घालून खडा स्वतःच्या हाताने कानसावयास आरंभ केला. दिवसातून अनेक वेळा, असे कित्येक महिने हे काम चालले. खड्याची पूड होऊन ती बाहेर पडली आणि त्याला आराम मिळाला. बाजारात न मिळणारे हत्यार गरजेपुरते आपणच घडवावयाचे, आणि चुकतमाकत ते सुधारीत जावयाचे, ही हौशी यंत्रकाराची वृत्ती याहून अधिक धीटपणे क्वचितच प्रकट झाली असेल.

पुढे तोच विकार उलटला आणि १८०० साली मार्टिन मरण पावला. दुसऱ्याच वर्षी वेलस्लीने अयोध्येच्या नबाबाकडून तहाने निम्म्याच्या जवळपास मुलूख घेतला आणि त्याला आपली बरीचशी फौज मोडावयास लावली. जेथे फौज नाही तेथे तोफा कशाला? साचे करणारे, धातू ओतणारे आणि कानस चालविणारे कारागीर अर्थातच पांगले. मार्टिनने आपली संपत्ती लखनौ, कलकत्ता आणि लियाँ येथील विद्यालयांसाठी ठेविली, हे त्याचे मोठेच उपकार. परंतु त्याची ओतशाळा त्या विद्यालयांच्या सोबतीने पुढे चालली नाही.

हे दुर्दैव एकट्या लखनौचे नव्हते. मार्टिनचा स्नेही द बॉयन हा महादजी शिंद्यांचा सेनापती. त्याच्या पलटणींसाठी सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर आग्र्यास तोफा ओतीत असे. १८०३ साली लेकने आग्रा घेतले आणि शिंद्यांची ती ओतशाळाही संपली. दोन्ही ठिकाणी विद्या दरबाराच्या आश्रयाने वाढली आणि दरबाराचे बळ सरताच लोपली. गावचा लोहार ती शिकला नव्हता आणि ती शिकविणारी पाठशाळाही कोठे नव्हती.

लखनौने हाच धडा पुन्हा एकदा गिरविला. नसिरुद्दीन हैदर याने १८३१च्या सुमारास वेधशाळेची उभारणी सुरू केली. लंडनच्या ट्रॉटन आणि सिम्स या नामांकित कारखान्याची उपकरणे आणविली. १८३५ पासून रिचर्ड विलकॉक्स याने तेथे वर्षानुवर्षे नेटाने वेध घेतले. परंतु १८४८ साली विलकॉक्स वारला, पुढील वर्षी वाजिद अली शहाने वेधशाळा बंद केली, आणि १८५७च्या धामधुमीत उपकरणांचाही नाश झाला. उरली ती फक्त ‘तारेवाली कोठी’ ही इमारत.

मात्र याच शहरात एक कोरीव विद्या दरबार बुडाल्यानंतरही जगली. चिकनकाम करण्यापूर्वी कापडावर नक्षी उमटवावी लागते. त्यासाठी लाकडी ठप्पे लागतात. ठप्पा कोरणारा कारागीर लाकडाच्या सपाट तुकड्यावर वेलबुट्टी आखतो आणि बारीक छिन्नीने नको तेवढे लाकूड काढून टाकतो. निळीच्या पाण्यात बुडवून तो ठप्पा कापडावर उमटवितात, कारागीर स्त्रिया त्या रेषांवर टाके घालतात आणि धुलाईत निळा रंग निघून जातो. या विद्येला ना शस्त्रागार लागले ना आश्रयदाता. बापाने मुलाला आणि उस्तादाने शागिर्दाला शिकविले, म्हणून ती टिकली. तथापि तिलाही मर्यादा होतीच. ती घराबाहेर फारशी गेली नाही.

घरी जोडावयाचे आजचे यंत्र ठप्पेवाल्याचेच काम करते. फरक एवढाच की छिन्नीमागे हाताऐवजी अंक असतात. जॅकार्डने १८०४च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावरची नक्षी चालविली. जॉन पार्सन्सच्या कल्पनेतून निघालेले अंकांनी चालणारे कातकामाचे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाने १९५२ साली चालवून दाखविले. ते अवजड आणि अतोनात महाग होते. आज चौकटीवर तीन दिशांना सरकणारे भाग, त्यांना हलविणाऱ्या मोटारी आणि एक लहानसे नियंत्रक एवढ्यावर काम भागते. या मोटारी एका फेऱ्यात २०० पावले टाकतात. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर पुढे नेणारा आटे पाडलेला दांडा जोडला तर एका पावलात हत्यार मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाइतके सरकते. टोकाशी फिरते पाते बसविले की लाकूड कोरले जाते. त्याऐवजी तापलेली तोटी बसविली की सुमारे २०० अंश तापमानाला वितळलेला प्लॅस्टिकचा धागा थरावर थर देत वस्तू उभी करतो. अडचण अशी की कोरण्यासाठी चौकट जड आणि ताठ हवी, तर छपाईसाठी सरकता भाग हलका हवा. दोन्ही कामे एकाच यंत्राकडून घेणाऱ्यास हा तोल साधावा लागतो, म्हणून अशा यंत्रावर कोरीवकाम हलकेच ठेवतात.

परंतु या यंत्राने घराघरांत जे स्थान मिळविले, ते अंकांपेक्षा एका निश्चयामुळे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी २००५ साली स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकणाऱ्या यंत्राची योजना आखली आणि तिचे सर्व आराखडे सर्वांना खुले केले. २००८ साली असे पहिले यंत्र पूर्ण झाले आणि त्याने आपल्यासारख्याच दुसऱ्या यंत्राचे भाग छापले. प्लॅस्टिक थरांच्या पद्धतीचे अमेरिकेतील मूळ पेटंट २००९ साली संपले, आणि मग जगभर हौशी लोक ती यंत्रे जोडू लागले, सुधारू लागले आणि आपल्या सुधारणा इतरांना देऊ लागले. भारत सरकारनेही २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या द्वारे शाळाशाळांत त्रिमितीय छपाईची यंत्रे पोहोचविली.

मार्टिनपाशी बुद्धी होती, पैसा होता आणि दरबाराचा आश्रयही होता. परंतु त्याची विद्या सर्वांसाठी खुली नव्हती. ठप्पेवाल्याने विद्या जगविली, पण ती घराच्या उंबऱ्याआत ठेवून. आज यंत्र जोडणाऱ्या विद्यार्थ्याला आराखडा फुकट मिळतो. यंत्र चालू झाल्यावर त्यात केलेली सुधारणा त्याने पुढच्या मुलाला समजावून दिली, तर लखनौच्या शस्त्रागारात आणि वेधशाळेत जी परंपरा तुटली, ती शाळेच्या एखाद्या खोलीत पुन्हा सुरू होऊ शकेल.