मेहरूणचा तलाव आणि मामूंचा गळ

बाहेरून जळगावला येणाऱ्याच्या नजरेत आधी महापालिकेची सतरा मजली इमारत भरते. लहानपणी मी जळगावला यायचो ते मात्र मेहरूणच्या तलावासाठी. जामनेरहून एसटीनं यायचं, मामूंच्या घरी चहा घ्यायचा आणि अस्रची नमाज झाली की त्यांच्यामागोमाग बांधावर जायचं. हातात गळ, डब्यात गांडुळं, खिशात कणकेचा गोळा. मामू फार बोलायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "तलाव पाहायचा असेल तर काठ पाहू नकोस, नाल्याचं तोंड पाहा."

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. पहिल्या मोठ्या पावसात तलावातले मासे खाली जात नाहीत, उलट येणाऱ्या पाण्याच्या धारेवर चढतात. अंडी घालायला त्यांना उथळ, नवं पाणी हवं असतं. म्हणून जुना मासेमार तलावाच्या मध्यावर नजर लावून बसत नाही. पाणी कुठल्या बाजूनं, कुठल्या शेतातून, कुठल्या मोरीखालून येतं, हे त्याला पाठ असतं. शहराचा नकाशा काढणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते. नकाशात तलाव निळा रंगवलेला असतो, पण त्याला भरणारे नाले कुठेतरी दोन प्लॉटांच्या मधल्या रेषेत गडप झालेले असतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास हा माझा विषय नव्हे, पण आपल्या गावांचा पाण्याशी संबंध समजून घ्यायचा तर इतिहासात डोकवावंच लागतं. जळगाव हे कापसानं मोठं केलेलं शहर. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे आली, 1864 साली नगरपालिका झाली. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले आणि जळगाव जिल्ह्याचं ठाणं झालं. वाढत्या गावाला प्यायला पाणी हवं होतं. इंग्रजी अमदानीत ते मेहरूणहून नळानं आलं. म्हणजे तलाव तेव्हा शोभेचा नव्हता, पोटापाण्याचा होता. ज्याचं पाणी प्यायचं त्यात घाण कोण टाकणार?

पुढे वाघूरचं पाणी शहराला मिळू लागलं आणि मेहरूणची नोकरी गेली. निवृत्त माणसाचं घरात जे होतं तेच तलावाचं झालं. आता त्याच्याकडे लोक फिरायला जातात, भेळ खातात, फोटो काढतात. माझा फिरायला जाण्याला विरोध नाही, डॉक्टरांनी मलाही सांगितलंय. पण सुशोभीकरण म्हणजे काठाला फरशी आणि दिवे, एवढंच आपण धरून बसलो आहोत. फरशीनं तलाव भरत नाही.

मासळीनंही हा बदल नोंदवून ठेवला आहे. मामूंच्या बोलण्यात मरळ असायची, वाम असायची. खालाजान मरळीचा सालन करायच्या तेव्हा शेजारच्या घरी वाटी जायचीच (मासळीला जिबह करावं लागत नाही, त्यामुळे मामू बांधावरून थेट चुलीपर्यंत पोचायचे). आज तलावांतून बाजारात येते ती बहुतेक रोहू, कटला, नाही तर चिलापी. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना वाहती, पुराची नदी लागते. 1957 च्या जुलैत हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं, त्यानंतर मत्स्यबीज केंद्रं निघाली आणि बोटुकली तलावांत सोडली जाऊ लागली. चिलापी 1952 साली परदेशातून आली आणि घाणेरड्या पाण्यातही टिकली. नाला बुजवला तरी बीज विकत आणून तलावात मासे दिसत राहतात, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. मरळ मात्र कुणी आणून सोडत नाही, म्हणून ती गेली की लक्षातही येत नाही.

आमच्या लोकांत बुऱ्हाणपूरचा अभिमान फार. अभिमान असावाच, पण नीट असावा. कुंडी भंडारा फारुकी सुलतानांनी बांधला असं कुणी सांगितलं की मी टोकतो. फारुकींची सत्ता 1601 मध्ये अकबरानं असीरगड घेतला तेव्हाच संपली. कुंडी भंडाऱ्याचं काम 1615 चं, मोगल काळातलं. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उतारावर मुरणारं पाणी ओळखलं, जमिनीखालून बोगदा काढला, वर शंभराच्या आसपास कुंड्या ठेवल्या आणि पाणी स्वतःच्या उतारानं शहरात आणलं. मोटही नाही, पंपही नाही. त्यानं शहर पाहिलं नाही, आधी डोंगर पाहिला. आणि त्याच्या नावानं छाती फुगवणारे आम्ही बकरीदनंतर आतडी-कातडी नाल्यात टाकतो. हे आधी सांगितलं, कारण मूर्तींच्या प्लॅस्टरबद्दल बोललो की काही लोक मजकुराच्या आधी माझं नाव वाचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं विसर्जनासाठी वेगळे हौद वापरायच्या सूचना 2010 सालीच दिल्या आहेत. हौद त्यांनीही वापरावा, खड्डा आम्हीही खणावा.

आता माझ्या जामनेरकडे. आमची कांग नदी पुढे वाघूरला मिळते. ही तीच वाघूर, जी अजिंठ्याच्या लेण्यांखाली वळसा घेते आणि धरणात अडून जळगावकरांच्या नळाला येते. लेणी कोरणाऱ्यांनी जिच्या काठी मुक्काम केला, त्या नदीला आपण गावाची मागची बाजू समजतो. जामनेरच्या आजूबाजूला एनए प्लॉटांच्या पाट्या उभ्या राहताहेत. जळगावनं शंभर-दीडशे वर्षांत केलं ते आम्ही वीस वर्षांत करून दाखवू, अशी मला भीती वाटते.

कायदा नाही असं नाही. 1966 च्या नगररचना कायद्यात प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवणं बंधनकारक आहे. गावतळी ही सार्वजनिक संपत्ती आहे, ती राखा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात बजावलं. पण हरकत देतो कोण? ज्याचा प्लॉट आरक्षणात गेला तो. भोईवाड्यातला माणूस, ठेक्यावर तलाव घेणाऱ्या मच्छीमार सोसायटीचा सभासद, गळ टाकून बसणारा म्हातारा, यांच्यापैकी कुणी त्या रांगेत दिसत नाही. मी स्वतः एकदा एका गावच्या आराखड्यावर नाल्यासाठी हरकत दिली होती. सुनावणीला विचारलं, "तुमची जमीन कोणती?" नाही म्हटल्यावर साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

ते बरोबरच विचारत होते, फक्त माणूस चुकीचा होता. तिथे मामूंनी जायला हवं होतं, आणि पावसाळ्यात मरळ कुठून कुठे चढते ते नकाशावर बोटानं दाखवायला हवं होतं. मामू आता नाहीत. पण त्यांच्यासारखे बांधावर अजून बसतात. मराठीत आणि उर्दूत अर्ज लिहून द्यायचं काम माझ्याकडे. पुढचा आराखडा निघाला की मला फक्त कळवा.