चुंबळ आणि हेल्मेट

दिवाळी झाली की आपल्या भागातल्या निम्म्या घरांना कुलूप लागतं. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्या-नाशकाला बांधकामावर. आमच्या गटातल्या बाराजणींपैकी सातजणी कधी ना कधी बिगारी म्हणून बांधकामावर राबल्या आहेत. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. साहेब पाहणीला येणार असले की मुकादम सगळ्यांना पिवळी हेल्मेटं वाटतो आणि साहेबांची गाडी गेली की गोळा करून ठेवतो. हेल्मेट घालून डोक्यावर घमेलं कसं घ्यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, हे हेल्मेट आलं कुठून आणि कुणाच्या डोक्यासाठी झालं, ते एकदा बघू.

ही टोपी मूळची खाणीतली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला बुलार्ड घराण्याचा व्यवसाय होता, खाणकामगारांचे दिवे आणि इतर सामान विकण्याचा. त्या घरातला मुलगा पहिल्या महायुद्धातून परत आला. लढाईत शिपायांच्या डोक्यावर धातूचा टोप असे. खाणीतला मजूर मात्र साधी टोपी घालून खाली उतरत होता. १९१९ साली या एडवर्ड बुलार्डनं जाड कॅनव्हास वाफेवर शिजवून, सरस लावून, वरून काळा रंग देऊन एक कडक टोपी काढली. वाफवलेली म्हणून तिचं नाव पडलं ‘हार्ड बॉइल्ड’, म्हणजे अंडं कडक उकडतात ना, तशी.

पुढे १९३१ साली तिकडे हूवर धरणाचं काम सुरू झालं. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि वरून सुटणारे दगड. तिथल्या मजुरांनी कुणाची वाट पाहिली नाही. आपल्या कापडी टोप्या त्यांनी डांबरात बुडवल्या आणि कडक होईपर्यंत वाळवल्या. दगड लागून जबडा मोडलेल्या माणसांची कवटी शाबूत राहिली, हे दिसलं तेव्हा कंपनीनं हजारोंनी तयार टोप्या मागवल्या. आम्हाला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युक्ती आधी मजुराला सुचली, मालकाचा पैसा मागून आला.

त्याच सुमारास, १९३३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर गोल्डन गेट पूल बांधायला घेतला. त्या काळात तिकडच्या ठेकेदारांचा एक हिशेब असे. दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस मरणार. सिमेंट किती, लोखंड किती, तसा जिवांचाही अंदाज! हा पूल साडेतीन कोटी डॉलरचा, म्हणजे पस्तीस माणसं. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी हा हिशेब मानला नाही. त्यांनी सगळ्यांना हेल्मेटची सक्ती केली आणि पुलाखाली सर्कशीत असते तशी मोठी जाळी बांधून घेतली. नुसत्या जाळीला एक लाख डॉलरच्या वर खर्च आला. वरून पडलेली एकोणीस माणसं त्या जाळीनं झेलली.

पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड परांची तुटून जाळीवर कोसळली, जाळी फाटली आणि दहाजण एका झटक्यात गेले. त्याआधी एकजण गेला होता. सगळे मिळून अकरा. पस्तीस धरले होते, अकरा गेले, यात समाधान मानायचं का, यावर आमच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, “अगं, त्या अकरांच्या घरात तर चूल विझलीच ना.” दुसरी म्हणाली, “आणि वाचलेल्या एकोणीस घरांत पेटत राहिली.” दोघींचंही खरंच आहे.

आता मुद्द्याचं. खाण, धरण, पूल, या सगळ्या ठिकाणी ती टोपी घालणारे पुरुष होते आणि ते हातानं काम करत होते. डोकं मोकळं होतं. आपलं काम डोक्यानंच होतं. विटा, वाळू, खडी, कालवलेला माल, सगळं घमेल्यातून डोक्यावर. आणि डोक्याला आधार कसला, तर जुन्या लुगड्याची पिळून केलेली चुंबळ.

हेल्मेट आतून कधी नीट पाहिलंत का? वरच्या कवचाखाली पट्ट्यांची जाळी असते. डोकं त्या पट्ट्यांवर टेकतं आणि कवच व डोकं यांच्यात बोटं जातील एवढी पोकळी राहते. वरून वीट पडली तर तो मार पट्ट्यांवर पसरतो, थेट कवटीवर बसत नाही. जीव वाचतो तो त्या पोकळीमुळे. म्हणून त्या पोकळीत रुमाल, तंबाखूची पुडी, पैसे असं काही कोंबायचं नाही. आमच्यातल्या दोघी नेमकं तिथेच पैसे ठेवायच्या! आणि हे पट्टे अचानक बसणाऱ्या एका तडाख्यासाठी असतात, दिवसभर भरलेलं घमेलं पेलण्यासाठी नाहीत. गुळगुळीत गोल कवचावर घमेलं धड बसतही नाही. मग बाई काय करते? हेल्मेट काढून ठेवते आणि चुंबळ घेते. साहेब म्हणतात, बायकांना शिस्त नाही.

आपल्याकडे बायांची एवढी मोठी संख्या कामावर एकदम दिसली ती १९७२ च्या दुष्काळात. आपल्या सासवा, आज्या सांगतातच. रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या. त्या कामांतून आपली रोजगार हमी उभी राहिली. पण संरक्षण म्हणून काय होतं? आमच्या गावातल्या म्हाताऱ्या सांगतात, बोटांना चिंध्या आणि तोंडाला पदर. पदरानं मोठी धूळ अडते. दगडाची बारीक धूळ कापडातून आत जातेच, फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही.

कायदा व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. १९८२ साली दिल्लीत एशियाड खेळांसाठी मोठी बांधकामं निघाली. तिथल्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. किमान मजुरी सव्वानऊ रुपये असताना बायांच्या हातात सात रुपये पडत होते, मधले जमादार खात होते. बांधकाम हे धोक्याचं काम आहे, तिथे चौदा वर्षांखालचं मूल लावता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. त्यानंतरही संघटनांना बरीच वर्षं मागणी लावून धरावी लागली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये बांधकाम कामगारांचा वेगळा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि त्यातून कल्याण मंडळं उभी राहिली. महाराष्ट्राचे नियम २००७ चे.

केंद्राच्या १९९८ च्या नियमांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या होत्या. वरून काही पडण्याचा धोका असेल तिथे हेल्मेट, आणि ओल्या काँक्रीटमध्ये उभं राहायचं असेल तर पाणी न शिरणारे बूट, हे मालकानं द्यायचे. दुसरी गोष्ट वजनाची. एकट्या बाईनं उचलायचं ओझं ३० किलोपर्यंत, पुरुषानं ५५. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, म्हणजे एकट्या बाईच्या डोक्यावर ती चढवणं नियमात बसतच नव्हतं. २०२० साली संसदेनं जुने तेरा कायदे एकत्र करून नवी संहिता मंजूर केली. तीही सांगते, सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. आमच्यातल्या एकीच्या पगारातून एका ठेकेदारानं हेल्मेटचे दीडशे रुपये कापले होते. ती गप्प बसली, कारण हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

बुटांचीही तीच कथा. मिळतात ते आठ-नऊ नंबरचे, आपला पाय चार-पाचचा. सैल बुटात ओला माल शिरला तर अनवाणीपेक्षा वाईट, कारण सिमेंट चुन्यासारखं असतं आणि बुटात अडकून तासन् तास कातडी भाजतं. तसं झालं तर बूट काढून लगेच भरपूर साध्या पाण्यानं पाय धुवा. हळद, तेल काही लावू नका.

मग घमेल्याचं काय? आम्ही कामावर जाणाऱ्या सातजणींना विचारलं. त्यांनी सांगितलेलं असं: स्लॅबच्या वेळी रांग करून घमेली हातोहात दिली तर डोकं मोकळं राहतं, हेल्मेट राहू शकतं. खालच्या खाली माल न्यायला एकचाकी गाडी मागायची. वर न्यायला लिफ्ट असेल तर बायांना जिन्यानं पाठवायचं नाही. आणि डोक्यावर न्यावंच लागलं, तर परांचीखालून जायची वाट बंद ठेवून दुसरी वाट आखून द्यायची. मुकादमाला हे एकटीनं सांगू नका, चौघी-पाचजणी मिळून सांगा.

मंडळाकडून नोंदणी झालेल्या कामगारांना हेल्मेट, बूट, हातमोजे असा सुरक्षा संच मिळतो. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. तो ठेकेदाराकडून मिळतो, गावात ग्रामसेवकही देतात. आमच्या गटानं एक वही केली आहे. कामावर गेलेल्या प्रत्येकीचे दिवस, जागा आणि ठेकेदाराचं नाव त्यात लिहितो. शेवटच्या रकान्यात पायाचा नंबर आहे. संच घ्यायला जाताना ती वही सोबत न्यायची आणि बूट तिथेच घालून बघायचे, असं मागच्या बैठकीत ठरलंय.