भाडेकरू निष्कासन
भाड्याच्या जागेचा ताबा परत मिळवण्यासाठी घरमालकाने केलेली कायदेशीर कारवाई. महाराष्ट्रात ती मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार चालते. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या या कायद्याने मुंबईचा 1947 चा आणि विदर्भ-मराठवाड्यातील जुने भाडेकायदे मोडीत काढले.

भाडेकरू नियमित भाडे भरत असेल आणि अटी पाळत असेल, तर केवळ मालकाच्या इच्छेवरून त्याला काढता येत नाही. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी, 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरल्यास, व पुढेही भाडे नियमित भरल्यास, ताब्याचा हुकूम टळतो. इतर कारणे कलम 16 मध्ये आहेत: बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमतीविना पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने विनाकारण जागा बंद ठेवणे, मालकाची खरीखुरी गरज. गरजेच्या दाव्यात ताबा दिल्याने वा नाकारल्याने कोणाची अडचण अधिक होईल, हेही तपासतात.

बृहन्मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. अंबरनाथ तालुक्यातील मोरिवलीसारख्या ठिकाणी ते कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातात, तर अपील जिल्हा न्यायालयात होते.

‘लिव्ह अँड लायसन्स’ करार संपूनही राहत्या घराचा ताबा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ताबा मिळेपर्यंत करारातील शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागू होते. वाद चालू असला, तरी भाडेकरूचे पाणी वा वीज मालकाला तोडता येत नाही.