थांबलेली चाचणी आणि न आलेले पाणी (थ्रेड)

१/ अर्जुनी मोरगाव तालुक्यातील इटियाडोह धरण. कालव्याच्या शेवटच्या टोकाला धानाचा शेतकरी पाण्याची वाट पाहतो. पाणी आले नाही, तर शक्यता दोन : पाळी लांबली, किंवा वर कुठे कालवा फुटला. बांधावर बसून हा भेद उमगत नाही. संगणकाच्या इतिहासातही नेमका हाच पेच आहे.

२/ १९३६ साली ॲलन ट्युरिंग यांनी सिद्ध केले की, कोणताही प्रोग्रॅम थांबेल की अखंड चालत राहील, हे दरवेळी अचूक सांगणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणून स्वयंचलित चाचणीला कालमर्यादा घालावी लागते. ही मर्यादा म्हणजे माणसाचा अंदाज, पुरावा नव्हे.

३/ १९६०च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात सीपी-४० ही प्रणाली घडली. यंत्र एकच, पण त्यावर अनेक आभासी यंत्रे. प्रत्येकाला संपूर्ण संगणक आपलाच वाटे. २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांचे क्यूईएमयू आले, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. केव्हीएम घडवणारी क्युमरानेट कंपनी २००८ मध्ये रेड हॅटने विकत घेतली. त्याच रेड हॅटचे अभियांत्रिकी काम आज पुण्यातूनही चालते.

४/ आभासी यंत्राला काळही उसना मिळतो. मूळ यंत्रावरील भार वाढला की आतले यंत्र मंदावते. एका संगणकावर क्षणात संपणारी चाचणी दुसऱ्यावर मर्यादा ओलांडते. ती अडकलेली नसते, संथ असते. येथे मर्यादा वाढवणे रास्त.

५/ खरोखर अडकलेली चाचणी निराळी. एक प्रक्रिया दुसरीच्या इशाऱ्याची वाट पाहत झोपते. इशारा मात्र ती झोपण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. मग प्रतीक्षेला अंत नाही. उपाय : लॉक हाती घेऊन आधी अट तपासावी, मगच झोपावे आणि जाग आल्यावर अट पुन्हा तपासावी.

६/ मोह असतो तो मर्यादा दुप्पट करण्याचा किंवा चाचणीच वगळण्याचा. त्याने अहवाल हिरवा होतो, दोष मात्र तसाच राहतो आणि पुढे एखाद्या रुग्णालयाचा सर्व्हर थिजवतो. म्हणून अडकलेली प्रक्रिया लगेच मारू नये. ती कोणत्या ओळीवर, कोणासाठी खोळंबली आहे, हे आधी पाहावे.

७/ पाणी का आले नाही, हे जाणण्यासाठी पाटकरी कालव्याच्या काठाने वर चालत जातो. चाचणीच्या दुरुस्तीची वाटही तीच : प्रतीक्षेच्या टोकापासून उगमाकडे.